वाफेनं वाढलेला चौकोन

मी एक जुना विणलेला चौकोन आहे. कधीकाळी हिरवागार होतो, आता वाळल्या मेंदीसारखा दिसतो. माह्या पोटावर पळसाची तीन पानं विणली आहेत. मधलं मोठं, बाजूची दोन जरा झुकलेली. मित्रांनो, दुसऱ्या वस्तू आपली गोष्ट छाती फुगवून सांगत असतीन. माही गोष्ट छाती फुगवल्याचीच आहे, म्हून सांगताना मान खाली आहे.

माहा जन्म गोंडपिपरीच्या एका शिवणक्लासात झाला. तवा कमला सोळा वर्षांची पोट्टी होती. सुया घ्याले पैसे नाई, म्हून तिनं भावाच्या सायकलचे दोन तुटके स्पोक घासून घासून गुळगुळीत केले. त्याच्यावर चाळीस टाके घातले. एक सुलट ओळ, एक उलट ओळ, असं करत करत एक गोळा लोकर संपली अन् मी तयार झालो. बरोबर एक वीत लांब, एक वीत रुंद. क्लासच्या बाईनं मले उलटून पाहिलं, पालटून पाहिलं, अन् भिंतीवर टाचून देल्लं. खाली चिठ्ठी लावली, "उत्तम". बाकी पोरींचे चौकोन टेबलावरच पडून राहिले.

तिथीच माही गत बिघडली. भिंतीवरून खाली पाहाची सवय लागली मले.

कमलानं वहीत लिहून ठेवलं : चौकोन, चाळीस टाके, शंभर वेढ्यांचा एक गोळा. माप नाई लिहिलं. काऊन लिहिन? माप म्हून मी होतोच ना.

लग्न होऊन कमला मोहर्लीच्या अलीकडच्या गावात आली. नवरा वामनराव, साधा माणूस, दोन शब्दांत काम भागवणारा. काही वर्षं मी पेटीत वहीच्या पानांत झोपून काढली. मंग जंगल पाहाले गाड्या येऊ लागल्या, अन् कमलानं गेटाजवळ चहाची टपरी टाकली. थंडीच्या दिवसांत पहाटे पाचले गाडीवाले, गाइड सारे तिच्या चुलीभोवती. चहाचा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवरून उतरवाले काही तरी पायजे होतं. कमलानं पेटी उघडली अन् मले बाहेर काढलं.

वीस वर्षं मी तो गंज धरला. गरम कड धरली की वाफ सरळ माह्या अंगात. वाफेनं टाके ढिल्ले होत, वरून गंजाचं वजन त्यायले ओढे. काम झालं की कमला मले एका कोपऱ्यानं खिळ्याले टांगे, ओलाच. असं रोज. दर वर्षी मी एखादा दोरा, अर्धा दोरा पसरत गेलो. मले मात्र वाटे, मी वाढून राह्यलो.

पत्रू नावाचा एक ड्रायवर होता, तोंडाचा मोठा. तो एकदा म्हणाला, "कमलाबाई, हा चौकोन दरसाल मोठा होऊन राह्यला वो! माह्या घरवालीपेक्षाबी जास्त खाते वाटते."

"तुह्या घरवालीले सांगतो हे," कमला म्हणाली.

"नोको ना बाई, मंग मले इथीच झोपा लागन!"

सारे हासले. मी बी खूश. कपाटं जन्मभर तेवढीच राहतात, ताटल्या तेवढ्याच राहतात. मी एकटा वाढून राह्यलो! पळसाले पानं तीनच म्हणतात, पण माही तीन पानं बगा, हातभर होतीन एक दिवस. असा माज होता मले. तवाच कोणी कानशिलात द्याले पायजे होती.

मागच्या पावसाळ्यात कमलाले लकवा मारला. उजवी बाजू गेली. जीभ गेली. डोळे तेवढे जिवंत राहिले अन् डावा हात. टपरी बंद पडली. वामनराव एका रिसॉर्टच्या बगिच्यात मजुरीले जाऊ लागला. कमलाचं कराले म्हून त्याच्या लहान भावाची पोरगी दिव्यानी राहाले आली.

दिव्यानी सतरा वर्षांची. नववीतच शाळा सोडलेली. गणिताच्या तासाले सरानं फळ्यापाशी उभं करून हासू केलं, तर हिनं खडू फेकून मारला अन् दप्तर घेऊन घरी आली. पुन्हा गेलीच नाई. नाकावर राग, पण नजर अशी की ताटात एक खडा असला तं तिलेच पहिले दिसन. अन् खरं सांगतो, गणित तिले येत होतं. शाळेले ती येत नव्हती.

दिवाळी झाली, थंडी पडली. कमलाले रजई सोसत नव्हती. लुळ्या अंगावर तिचं वजन पडे अन् श्वास लागे. चादरीनं थंडी जात नव्हती. पहाटे तिचे दात वाजत, अन् ती डाव्या हातानं उजवा हात चोळत पडे. दिव्यानी तिले दोन-तीन लुगडी पांघरवे, ती घसरून जात.

"मोठे बाबा," एक दिवस दिव्यानी म्हणाली, "लोकरीचं पांघरूण करतो मी. हलकं राहते अन् गरम राहते. मोठ्या मायच्या चौकोनावर आहे तसं पळसाचं पान, पण खाटेएवढं."

"एवढं मोठं जमन?" वामनरावानं विचारलं.

"काऊन नाई जमन? लहान आहे त्याचंच मोठं कराचं."

तिनं मले खिळ्यावरून काढलं, खाटेच्या कडेले ठेवलं, अन् आपल्या हातानं मोजलं. एक वीत अन् वर चार बोटं. म्हणजे सोळा बोटं. खाट चार विती रुंद, आठ विती लांब. वीत बारा बोटांची. तिनं चौकटीच्या वहीत मांडलं : रुंदीले तीन चौकोन, लांबीले सहा. सारे मिळून अठरा चौकोन. एका चौकोनाले एक गोळा, असं कमलाच्या वहीत होतंच, म्हून अठरा गोळे. पानासाठी माहा एक एक टाका मोजून काढला, अन् एका टाक्याचे तीन टाके, एका ओळीच्या तीन ओळी केल्या. चाळीस चाळीस टाक्यांच्या तीन लांब पट्ट्या विणाच्या, दर पट्टीवर एक पान, मंग जोडाच्या. मधलं पान मधल्या पट्टीवर.

हिशोबात एक काना-मात्रा चुकली नव्हती. खोटा होतो तो मी. चार बोटं माही नव्हती, वाफेची होती. मी खाटेवर पडून होतो अन् माप घेऊन राह्यली होती ती, अन् मले काय वाटलं माहीत आहे? मले वाटलं, चला, पुन्हा भिंतीवर टाचतीन.

कमला मात्र डावा हात हालवून राह्यली होती. बोटानं चुलीवरचा गंज दाखवे.

"चहा पायजे? देतो ना मोठी माय, हे मोजून होऊ दे."

चहा आला. कमलानं तोंड फिरवलं.

लोकर गावातूनच जमा झाली. पत्रूनं आपला जुना स्वेटर आणून देल्ला, म्हणाला, "बाईच्या चहानं आतून गरम राहिलो, आता हे बाहेरचं घ्या." आणखी तिघांनी देल्ले. एक हिरवा, बाकी मरून. पण उसवणार कोण, धुणार कोण? ते काम गुणाबाईनं अंगावर घेतलं.

गुणाबाई म्हणजे समोरच्या देवाजीभाऊची बायको. त्यायची धानाची शेती. कमला या गावात नवरी म्हून उतरली तवा पहिली गुंडी पाण्याची तिनंच आणून देल्ली होती. तवापासून दोघींची जोडी. एकीच्या घरी भाजी शिजली की दुसरीच्या घरी वाटी जाणार. कमलाची जीभ गेल्यावर बी ती रोज येऊन बसे अन् एकटीच दोघींचं बोले. "कमला, तू म्हणशीन गुणा लय बोलते. तं बोलतोच मी. तू बोलत नाई म्हून काय घर मुकं ठेवाचं?"

तिनं स्वेटर उसवले, लोकर धुतली, शंभर शंभर वेढे देऊन अठरा गोळे केले अन् टोपल्यात आणून ठेवले. "मोजून घे वो पोट्टे."

"मोजाचं काय, मावशी," दिव्यानी म्हणाली, पण मोजले तिनं. अठरा भरले.

एक पट्टी दिव्यानी घेऊन बसली, एक गुणाबाई, एक शेजारची उर्वशी. सहा सहा गोळे वाटून घेतले. दिव्यानीनं खाटेच्या लांबीची एक बांबूची काडी तोडून देल्ली. काडीएवढी पट्टी झाली की थांबाचं. मी वहीत खूण म्हून बसलो होतो, सारं पाहत होतो.

चार-पाच दिवसांनी गुणाबाई आपली पट्टी घेऊन आली. "वो दिव्यानी, हे अरुंद येऊन राह्यली वाटते मले. ह्या चौकोनाच्या बाजूले ठेवून पाह्य बरं."

"कडा आत गुंडाळतात मावशी. जोडल्यावर सरळ होतीन."

"गुंडाळतात ते समजते मले. पण तरीबी..."

"तुमचा हात घट्ट आहे, त्याले मी काय करू? हिशोब मी केला ना? मंग विणा ना!"

मी तिच्या मांडीपासून वीतभर अंतरावर होतो. फक्त उचलून ठेवाचं होतं मले त्या पट्टीवर! एका क्षणाचं काम. दिव्यानीनं वही मिटली, अन् मी आतमंधी गेलो.

मंग लोकर संपली. उर्वशीची संपली, दिव्यानीची संपली, गुणाबाईची बी संपली, अन् तिघींच्याही पट्ट्या काडीपेक्षा दोन दोन विती कमी. दिव्यानीनं दोनदा गणित मांडलं. बरोबर होतं. तिसऱ्यांदा मांडलं. बरोबरच. तिची नजर टोपल्यावर गेली. तिघींचं सारखंच कमी पडलं, म्हणजे विणण्यात चूक नाई. गोळ्यातच काही तरी. अन् गोळे केले कोणी?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाणी भराले बोअरिंगवर गेली. वही तिच्या काखेत होती, उर्वशीले हिशोब दाखवाले घेतली होती. तिथी पाच-सात बाया होत्या. गुणाबाई हापसून राह्यली होती, अन् तिची सून कडेवर नातू घेऊन उभी. नातवाच्या डोक्यावर नवी कोरी विणलेली टोपी. मरून रंगाची.

"गुणामावशी, टोपी मस्त आहे वो," दिव्यानी म्हणाली. आवाज गोड नव्हता. "लोकर कुठची?"

"कुठची म्हणजे? तुह्या मावसाचा स्वेटर होता ना, त्याची बाही उसवली."

"बाही होती का आमचे गोळे होते?"

हापशाचा दांडा वरच थांबला. पाण्याची धार बारीक झाली अन् तुटली. सून म्हणाली, "काय बोलून राह्यली वो तू?" उर्वशी जमिनीकडे पाहू लागली.

"अठरा गोळ्यांत पांघरूण व्हाले पायजे होतं. नाई झालं. शंभर वेढे म्हणे! मोजले कोणी? गोळे तुमच्या घरी झाले, टोपी बी तुमच्याच घरी."

जिचं तोंड दिवसभर थांबत नव्हतं, त्या गुणाबाईनं पदरानं हात पुसले, अर्धी भरलेली गुंडी तिथीच सोडली, अन् गेली. सुनेनं नातवाच्या डोक्यावरची टोपी काढून मुठीत धरली.

मी वहीत होतो. मित्रांनो, लोकरीले घाम नाई येत. पण त्या सकाळी मले वाटलं, कोणी मले पिळलं असतं तं खाली थेंब पडले असते.

त्या दिवसापासून गुणाबाईचं येणं बंद. घर मुकं झालं. कमला दाराकडे पाहे. वामनरावाले गावातून समजलं, तो घरी बोलला ते कमलानं ऐकलं, अन् तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मंग पुन्हा तिचा डावा हात उठला. गंज. चूल. गंज.

"चहा?" दिव्यानीनं करून देल्ला. कमलानं कप ढकलला.

"साखर कमी आहे का?" पुन्हा देल्ला. पुन्हा ढकलला. चहा चादरीवर सांडला.

"मंग पायजे काय तुमाले!" दिव्यानी ओरडली, अन् ओरडल्यावर स्वतःच भिंतीकडे तोंड करून बसली. दोन दिवस कमलानं दोन घासांच्या वर खाल्लं नाई. पहाटे थंडीनं तिचे दात वाजत, अन् खाटेवर तीन अपुऱ्या पट्ट्या घडी करून पडलेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दिव्यानी खाटेजवळच चूल पेटवून पाणी तापवत होती. मांडीवर तिची पट्टी, स्पोक अजून टाक्यांतच. वही उघडी, मी वहीवर. गंजातून वाफ निघाली. कमलानं एकदम डावा हात लांबवला, पट्टीचं टोक धरलं अन् ओढून वाफेवर नेलं.

"वो मोठी माय! जळन ना ते!"

दिव्यानीनं पट्टी झटक्यानं मागं ओढली. लोकर वाफेनं ओली झाली होती. ओढल्याबरोबर ते टोक पसरलं. तिनं सोडलं, तरी ते मागं आलं नाई. तसंच पसरून राहिलं.

तिचा हात थांबला. तिनं पुन्हा ते टोक वाफेवर धरलं, पुन्हा ओढलं. आणखी पसरलं. तिनं कमलाकडे पाहिलं. कमलानं गंज दाखवला, मंग मले दाखवलं. गंज. मी. गंज. मी.

मंग दिव्यानीनं ते केलं, जे गुणाबाईनं कधीचं सांगितलं होतं. मले उचललं अन् पट्टीच्या कोरड्या भागावर ठेवलं. दोन्हीकडे चाळीस टाके. तिनं नखानं एक एक मोजले. अन् मी पट्टीच्या बाहेर सांडून राह्यलो होतो. चार बोटं.

"वीस वर्षं चहाचा गंज धरला ह्यानं," ती हळूच म्हणाली. "हा वाढला नाई. हा ढिल्ला झाला."

सारं आयुष्य मी ज्याले वाढणं समजत होतो, त्याचं खरं नाव एका नववीत शाळा सोडलेल्या पोरीनं एका वाक्यात सांगून टाकलं. तिनं मले मुठीत चुरगाळलं अन् चुलीकडे हात नेला. बरं झालं असतं. पण कमलाचा डावा हात तिच्या मनगटावर आला. एवढी ताकद त्या हातात कुठून आली, माहीत नाई. तिनं मूठ उघडवली अन् मले काढून आपल्या छातीवर ठेवलं. मले त्या बाईच्या डोळ्यांकडे पाहावलं नाई.

वामनराव तवा कामावर निघाला होता. त्यानं सारं ऐकलं. दिव्यानी एकदम उठली. "मोठे बाबा, एक आयडिया आहे! साऱ्या पट्ट्या वाफेवर धरू. ओढून घेऊ. बरोबर खाटेएवढ्या होतीन. लोकर पुरली म्हणू. गोष्ट संपली."

मी समजलो. पांघरूण पुरलं असतं तं बोअरिंगवर जाऊन काही बोलाची गरज नव्हती.

वामनराव वाकला. एका हातावर मले ठेवलं, दुसऱ्या हातावर कोरडी पट्टी. दोन्ही हात दिव्यानीच्या गालांले लावले.

"कोणतं गरम लागते?"

दिव्यानीचा गाल पट्टीकडे कलला.

त्यानं मले दाराच्या उजेडात धरलं. माह्या टाक्यांतून पलीकडचं अंगण दिसत होतं, कोंबडी दिसत होती, गुणाबाईचं बंद दार दिसत होतं.

"एवढंच पांघरूण द्याचं असन तिले, तं मंग लुगडं काय वाईट होतं?" तो म्हणाला, अन् मले वहीवर ठेवून कामाले गेला.

दुसऱ्या सकाळी दिव्यानी बोअरिंगवर गेली. मुद्दाम त्याच वेळी, साऱ्या बाया असतात तवा. एका हातात पट्टी, एका हातात मी. गुणाबाई हापसून राह्यली होती. तिनं पाहिलं, अन् जास्तच जोरानं हापसू लागली.

"गुणामावशी."

दांडा वर, दांडा खाली.

"गुणामावशी, गोळे बरोबर होते." हापशाच्या आवाजात ऐकू नाई आलं कोणाले. मंग ती मोठ्यानं म्हणाली, अन् तिचा आवाज फाटला. "गोळे बरोबर होते वो! माप खोटं होतं. हे पहा." तिनं मले पट्टीवर ठेवून साऱ्याइले दाखवलं. बाया जवळ आल्या, वाकून पाहू लागल्या. कोणी बोट लावलं, कोणी ओढून पाहिलं. जल्मात एवढ्या जणींनी एकाच वेळी मले कधी पाहिलं नव्हतं. क्लासातल्या भिंतीवर बी नाई.

तिले सारं माह्या माथी मारता आलं असतं. मी वाट पाहून राह्यलो होतो. मारावं तिनं. पण ती म्हणाली, "चौकोन बोलत नाई, पण मावशी तं बोलली होती. पट्टी अरुंद येते म्हून सांगितलं होतं तिनं. मीच तिचं तोंड बंद केलं. अन् मंग इथी उभं राहून चोर म्हटलं."

गुणाबाईची गुंडी भरून वाहू लागली होती.

"झालं भाषण?" गुणाबाई म्हणाली.

"हाव."

"मंग उचल हे गुंडी. माहा हात घट्ट आहे ना, दुखते."

एक-दोघी हासल्या. दिव्यानीनं पट्टी काखेत मारली, मले तोंडात धरलं, हो, दातांत, दुसरा हात कुठी होता, अन् गुंडी कमरेवर घेतली. घरापर्यंत अर्धं पाणी तिच्याच अंगावर सांडलं. गुणाबाई मागून चालत होती. "सरळ चाल. पाणी आहे, लोकर नाई, वाफेनं वाढत नाई."

गुणाबाईच्या घरी गेल्यावर तिनं धानाच्या कोठीवरून एक सुतळी काढली. सुतळीले गाठी होत्या. अठरा.

"दर गोळ्यामागं एक गाठ मारली. शंभर वेढे झाले की गाठ. देवाजी समोर बसून मोजत होता."

दिव्यानीनं बोटानं गाठी मोजल्या. "मंग मावशी, त्याच दिवशी काऊन नाई दाखवली?"

"चोर म्हणणाऱ्याले मी पुरावा दाखवत नाई. विचारणाऱ्याले दाखवतो. तू विचारलं होतं?"

दिव्यानी तिथीच उंबऱ्यावर बसून रडली. गुणाबाईनं तिले उठवलं नाई, डोक्यावरून हात बी नाई फिरवला. सूप घेतलं अन् तांदूळ पाखडत बसली. तांदूळ पाखडून झाल्यावर म्हणाली, "आणखी किती गोळे लागतीन?"

"चौदा," दिव्यानी नाक पुसत म्हणाली. "चार पट्ट्या पायजे. अन् ह्या तीनबी लांब करा लागतीन."

"चौदाच ना? ह्या बारीले नवा चौकोन विणून पाहिला का?"

"पाहिला. रात्री विणला. बरोबर वीतभर आला."

"मंग ठीक."

देवाजीभाऊच्या स्वेटरचं उरलेलं अंग उसवलं. बाही गेलीच होती टोपीत. तेवढ्यानं भागत नव्हतं. मंग दिव्यानीनं आपल्या पेटीच्या तळातून एक निळा स्वेटर काढला. शाळेचा. छातीवर बिल्ल्याची जागा अजून काळपट होती. हा स्वेटर तिनं कोणाले देल्ला नव्हता, पत्रूचा स्वेटर उसवताना बी ह्याचं नाव काढलं नव्हतं. दोन वर्षं घडी मोडली नव्हती. मी वहीत होतो, मी पाहिलं. तिनं बाहीचं टोक शोधलं, दातानं तोडलं, अन् दोरा ओढला. सर् सर् सर् करत एक एक ओळ सुटत गेली. ती तोंडातल्या तोंडात मोजून राह्यली होती. शंभर झाले की सुतळीले गाठ.

संक्रांतीच्या आधी पांघरूण झालं. तीन पट्ट्यांवर पळसाची तीन पानं, अन् चौथी पट्टी निळी, एका बाजूले. त्यामुळं मधलं पान मधोमध नाई आलं, सरकलेलं आहे. कोणी आलं की विचारते, हे असं काऊन? दिव्यानी सांगते. दर वेळी सारं सांगते, गाळत नाई.

पांघरूण कमलावर घातलं तवा गुणाबाई पायथ्याशी उभी होती. कमलानं डाव्या हातानं कड धरली, नाकापर्यंत ओढली. "काय पाहते कमला," गुणाबाई म्हणाली, "तू म्हणशीन गुणानं लोकर चोरली असती तं बरं झालं असतं, हे पांघरूण एवढं मोठं नसतं झालं." कमलाच्या पांघरुणाखालून एक आवाज आला. हासणं होतं ते. लकव्यानंतर पहिलं.

सारं भरून निघालं असं मात्र म्हणणार नाई मी. गुणाबाई येते, बसते, बोलते. पण दिव्यानीनं चहा देल्ला तं कपात दोन घोट ठेवून जाते. पहिले कप चाटून पुसून ठेवत होती. अन् बोअरिंगवर अजूनबी एखादी बाई मस्करी करते, "लोकर लपवा वो, गुणाबाई आली." हासतात साऱ्या. गुणाबाई बी हासते. मले त्या हासण्यातली एक ओळ सुटलेली दिसते. ती पुन्हा विणता येत नाई.

आता मी खिळ्यावर नाई. वहीच्या पहिल्या पानावर आहे, टाचलेला. माह्या बाजूले तो नवा वीतभराचा चौकोन. रिना अन् चंचल नावाच्या दोन पोरी दिव्यानीकडे विणकाम शिकाले येतात. दिव्यानी वही उघडते अन् सांगते, "हा मोजाचा. अन् हा पाहाचा." पाहाचा म्हणजे मी. पोरी विचारतात, ह्याले काय झालं? मंग गोष्ट पहिल्यापासून सुरू होते, अन् मी जागच्या जागी आक्रसतो. आक्रसता येत नाई, तरी.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्याले फेकू नका, टाकू नका म्हून हात जोडतात. मी ते नाई मागत. कमलानं मले चुलीतून वाचवलं, माहा वाटा मले भेटला. मी एवढंच सांगतो. तुमच्या घरी असा एखादा जुना नमुना असन, कौतुकानं फुगलेला, कामानं ढिल्ला झालेला. त्याले ठेवा. धुवा, सावलीत आडवा वाळवा, कोपऱ्यानं टांगू नका. पण त्याच्यावरून काही मोठं कराले निघाल, तं पहिले एक नवा चौकोन विणून पहा. लहानसाच. तो जुन्यावर ठेवा. अन् चार बोटं बाहेर आली, तं कोणाच्या घरच्या टोपीकडे पाहू नका. पहिले आपल्याच चुलीवरच्या गंजाकडे पहा.